शेवंताकाकूची चार बंदरं

समुद्रात काही उठलं की कशेळ्याच्या नाक्यावरची माणसं मोबाईल काढत नसत. ती भाताच्या गिरणीच्या दाराकडे बघत.

दार पत्र्याचं, कधीकाळी निळं असावं. त्यावर खालपासून वरपर्यंत पांढऱ्या बोटांचे ठसे. नवखा माणूस म्हणायचा, पोरांनी घाण केलीय. घाण नव्हती, मंडळी. तो कोकण किनारा होता.

सगळ्यात खाली, गुडघ्याच्या उंचीला हर्णै. कमरेच्या उंचीला श्रीवर्धन. डोक्याच्या उंचीला रेवदंडा. गिरणीची मालकीण शेवंताकाकू रोज सकाळी यंत्र सुरू करायच्या आधी तीन फोन करायची आणि मग कोंड्याच्या धुळीत बोट बुडवून दारावर उठवायची. एक बोट म्हणजे तिथं मतलई वाहतोय, जमिनीवरून समुद्राकडे. दोन बोटं म्हणजे खारा, समुद्रावरून जमिनीकडे. अख्खा पंजा म्हणजे पाऊस. पंजे खालून वर चढायला लागले की नाक्यावरच्या बायका अंगणातलं वाळवण उचलायच्या.

गिरणीच्या समोर, रस्त्याच्या अलीकडे माझं दुकान. वह्या, पेनं, मोबाईलचे रिचार्ज. पंचवीस वर्षं मी गल्ल्यावर बसून ते दार बघितलं. नाटकाचा पडदा वर जाताना छातीत जे होतं, ते मला त्या गंजक्या पत्र्यासमोर रोज सकाळी व्हायचं.

काकू उंचीला पाच फुटांच्या आत. पापण्यांवर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कायम कोंडा. त्यामुळे चाळिशीतही ती सत्तरीची दिसायची आणि सत्तरीला टेकली तेव्हा कोणाला फरकच कळला नाही. आवाज मात्र यंत्रावर मात करायला कमावलेला. यंत्र बंद असतानाही ती त्याच पट्टीत बोलायची. फोनवर तर विचारूच नका. हर्णैला फोन लावायची तेव्हा आम्ही म्हणायचो, "काकू, फोन कशाला? दारात उभी राहून बोल, पोचंल."

"गप रं," ती म्हणायची. "बॅटरी वाचावी म्हनून वरडते."

आता एवढ्या आत, डोंगराच्या पायथ्याला, समुद्राशी हिचा संबंध काय? तर हिचा बाप तांडेल. म्हणजे होडीवरचा मुख्य. त्याला पाच मुली. ज्या बंदरात त्याची होडी मुक्कामाला लागायची, तिथल्या एखाद्या घरात त्यानं एक मुलगी दिली. हर्णै, श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा. चार बंदरं, चार मुली. कुठंही होडी लावली तरी जेवायला घर. उरली ती सगळ्यात थोरली शेवंता. तिचं लग्न राहिलं होतं तेव्हा तो एकदा सुकी मासळी घेऊन कशेळ्याच्या बाजाराला आला. गिरणीत गेला, भाताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाला, "मासळी चार घरांत झाली. पाचव्यात भात पायजे." झालं. शेवंता डोंगराकडे आली. नवरा लवकर गेला, तिनं गिरणी धरली. मुलगा मोठा होऊन मोहोपाड्याच्या एका कंपनीत लागला. ती मात्र किनाऱ्यावरच्या बहिणींना रोज फोन करत राहिली आणि फोनवर खुशालीच्या आधी एकच प्रश्न विचारायची: "वारा कुठला गं?"

खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी भूगोलात पाठ केले आणि पेपर झाल्यावर विसरलो. काकूची शाळा चौथीत सुटली. तिनं ते कधी पाठ केलं नव्हतं, त्यामुळे विसरायचा प्रश्न नव्हता. तिचं गणित असं: सकाळी मतलई असतोच, दुपारी तो वळून खारा होतो, हा समुद्राचा रोजचा श्वास. पण दुपार उलटूनही मतलईच वाहत राहिला, तर बाहेर कोणीतरी बसलंय आणि आपला वारा ओढून घेतंय. "बाहेर कोनीतरी बसलंय." हे ती ज्या आवाजात म्हणायची, तो आवाज मी अनेकदा आरशासमोर काढून बघितला. नाही जमला. तेवढं एकच वाक्य ती हळू बोलायची. जणू त्या बसलेल्याला ऐकू गेलं तर तो उठून दुसरीकडे जाईल.

एकदा डिसेंबरात आमच्या आळीत लग्न. आकाश धुतलेल्या ताटासारखं. काकू सकाळीच मांडवात आली ती थेट भटजींकडे.

"भटजीबुवा, मंगलाष्टकं किती?"

"सहा."

"चारात भागवा."

"असं कसं चालेल, आजी?"

"मग दोन पावसात म्हना."

वरबाप चिडला, वधूमाय रडकुंडीला आली. काकूनं तोवर आचाऱ्याला जिलबी आधी वाढायला लावली होती आणि पंगत उचलून शाळेच्या पडवीत नेली होती. अक्षता पडल्या, माणसं जेवायला बसली आणि मठ्ठा वाढेपर्यंत मांडव धो धो गळू लागला. वरबाप मठ्ठ्याचा पेला हातात धरून काकूकडे असा बघत होता, की मुलानं आपल्याऐवजी तिच्याच पाया पडावं.

पण ती चुकायचीही. एकदा तिनं रस्त्यावर वाळत घातलेलं सगळ्यांचं भात उचलायला लावलं आणि पुढचे दोन दिवस लख्ख ऊन पडलं. दुसरा कोणी असता तर दार लावून बसला असता. काकू लाकडी फावडं घेऊन घरोघर गेली. "चुकलं माजं," म्हणाली आणि स्वतःच्या हातानं प्रत्येकाचं भात पुन्हा पसरून आली. वाटेत कोणी टोमणा मारला तर थांबून ऐकून घ्यायची. "आजून काय म्हनायचं हाय? म्हन. संपलं? मग सर, पाय काढ भातावरनं."

तुमच्या लक्षात आलं असेल. बंदरं चार आणि दारावर ठसे तीन. कमरेपासून डोक्यापर्यंत पत्रा मोकळा. लोकांना वाटायचं तिथं नुसता समुद्र आहे. तिथं मुरूड होतं आणि मुरूडला पारू होती, काकूच्या पाठची बहीण.

एकवीस-बावीस वर्षांपूर्वी पारूच्या मुलीचं लग्न झालं. काकू गेली, मानाच्या पंगतीत बसली. भाताचा पहिला घास घेतला. आता जन्म गिरणीत गेलेल्या बाईनं घास नुसता गिळावा की नाही? हिनं दाढेखाली धरून पारखला. आणि मुलाकडची माणसं समोर बसलेली असताना त्या यंत्रावर मात करणाऱ्या आवाजात म्हणाली, "पारू, तुला फसवलंय गं. जुना म्हनून नवाच तांदूळ दिलाय, वर पॉलिश मारलीय."

काकूला खरोखर वाटत होतं की ती बहिणीची बाजू घेतेय. पारू पातेलं खाली ठेवून म्हणाली, "ऊठ पानावरनं."

ती उठली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव काढलं नाही. किनाऱ्यावरची वादळं हर्णैहून श्रीवर्धनला यायची, तिथं अदृश्य व्हायची आणि रेवदंड्याला पुन्हा प्रकट व्हायची. एरवी त्यानं बिघडत नसे.

बिघडलं ते तीन-चार वर्षांपूर्वी. दीड दिवसाचे गणपती गेले आणि पावसानं जी ओढ दिली ती दिलीच. तीन आठवडे टिपूस नाही. आमच्याकडे भात दोन तऱ्हेचं. वरच्या माळाचं हळवं, ते लवकर तयार होतं, तेव्हा कापणीला आलं होतं. खालच्या खाचरांतलं गरवं, ते उशिराचं. त्याचा दाणा नुकता दुधात होता. दाणा दुधात असताना पाणी तुटलं की लोंबी भरत नाही, नुसती फोलपटं उरतात. खाचरांत टाचा अडकतील अशा भेगा गेल्या होत्या. गावाचं वर्षभराचं खाणं त्या गरव्यात होतं.

गावाच्या वरच्या अंगाला तळं आहे. त्याच्या तोंडाशी लोखंडी चाक. चाक फिरवलं की पाणी पाटानं खाचरांत उतरतं. अडचण एवढीच, की एकदा फिरवलेलं ते गंजकं चाक पुन्हा घट्ट बसत नाही आणि तळं रिकामं होऊनच थांबतं. आणि तेच पाणी उन्हाळ्यात गावाला आणि वरच्या ठाकूरवस्तीला प्यायला.

पितृपक्षातली सकाळ. साडेसात वाजता सगळं गाव गिरणीपुढे जमलं. तळ्याची जबाबदारी जनूभाऊकडे. रेल्वेतून रिटायर झालेला, हिशेबी, हातात मोठा मोबाईल. त्यानं पडद्यावरचा लाल गोळा सगळ्यांना दाखवला. समुद्रात कमी दाबाचं काहीतरी तयार झालं होतं आणि किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं.

"हा बघा, आता पश्चिमेला वळनार," जनूभाऊ म्हणाला. "आपल्याकडं पाठ. त्याच्या भरवशावर राहाल तर भात जाईल. आज चाक फिरवायचं."

ठाकूरवस्तीवरची हिरीबाई मोळी विकायला आली होती, ती तशीच उभी राहिली. "आनि मे महिन्यात आमी काय प्यायचं, दादा? तुजा मोबाईल?"

कोणी हसलं नाही. जनूभाऊसुद्धा मान खाली घालून म्हणाला, "हिरे, मला काय हौस हाय का गं?"

सगळे दाराकडे बघायला लागले. काकूनं तिन्ही फोन केले होते. हर्णैला काल पंजा, आज मात्र पाऊस थांबलेला. श्रीवर्धनला आणि रेवदंड्याला कालचा अख्खा दिवस मतलई. म्हणजे बाहेर कोणीतरी बसलंय हे नक्की. पण ते उठून आपल्याकडे येणार की पाठ फिरवणार, हे दार सांगत नव्हतं.

हिरीबाईला लिहिता-वाचता येत नाही. पण पत्रा मोकळा आहे हे दिसतं. तिनं बोट दाखवलं. "हितं मधी कोनी नाय का तुजं?"

काकू गप्प झाली. पंचवीस वर्षांत मी तिला गप्प झालेलं प्रथमच बघत होतो. मग ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"पम्या, तुजा फोन दे. माजा ती उचलायची नाय."

"नंबर?"

तिनं दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितले. मी लावला. काकूला फोन कानाला लावायची सवय नव्हती, स्पीकरवरच बोलायची. त्यामुळे पुढचं सगळं चाळीस माणसांनी ऐकलं.

"कोन?"

"मी."

"मीला नाव नाय?"

"शेवंता."

पलीकडे नुसता समुद्राचा आवाज. मग: "कुठली शेवंता? तांदूळ पारखनारी?"

चाळीस माणसं पायांकडे बघू लागली. काकू म्हणाली, "तीच."

"काय पायजे?"

"वारा कुठला हाय तुज्याकडं?"

"अठरा वर्सांनी फोन केलास नि वारा इचारतेस?"

"आमच्या गावाचं भात चाललंय, पारू."

मला वाटलं फोन ठेवला. मग दार करकरलं, चपला वाजल्या, समुद्र मोठा झाला. बाई बघायला बाहेर गेली होती.

"काल दिसभर मतलई व्हता, आज पन व्हता. आता पडलाय. व्हड्यांवरची निशानं काठीला चिकटल्यात. दर्या दखनेकडनं फुगलाय, खडकावर उलट्या बाजूनं फुटतोय."

"उलट्या म्हंजे कशा?"

"तू जशी, तशा."

"फिरतोय गं, पारू. आत फिरतोय."

"फिरतोय, का नुसता दम घेतोय, ते मी इथनं कशाला सांगू? एवढी नड हाय तर ये नि बघ."

फोन बंद.

काकूनं फोन माझ्या हातात दिला, पदरानं तोंडावरचा कोंडा पुसला. कोंड्याखाली चेहरा लालबुंद होता. "जनू, चाकाला हात लावू नको. मी जाते."

"कुठं?"

"बघायला."

"काकू, मुरूड काय इथं हाय? पोचायला संध्याकाळ व्हईल. पानी सोडायचं तर दिवसाउजेडी बांधाबांधानं फिरवायला पायजे. तीनच्या पुढं मी नाय थांबू शकत."

"मुरूडला पोचायला कशाला पायजे?" काकू म्हणाली. "यायचा असंल तर वाटेत भेटंल."

हे वाक्य मी तुम्हाला जसंच्या तसं देतोय. एक बाई पावसाला सामोरी जायला निघाली होती, एखाद्या पाहुण्याला फाट्यावर आणायला जावं तशी. तिनं गिरणीला कुलूप लावलं, काखेत छत्री मारली आणि कर्जतच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं.

आम्ही सगळे तळ्यावर गेलो. मी फोन धरून उभा, माझं काम तेवढंच. जनूभाऊ चाकाशेजारी बसला.

पहिला फोन कर्जतवरून. "मतलईच हाय. रस्त्याची धूळ दर्याकडं चाललीय." जनूभाऊनं मान हलवली.

दुसरा खालापूरवरून, अकराच्या सुमारास. "वारा पडला. टपरीच्या चुलीचा धूर काठीसारखा सरळ उभा हाय."

"म्हंजे काय समजायचं?" जनूभाऊ ओरडला.

"म्हंजे थांब!"

तिसरा पेणच्या स्टँडवरून, एक वाजता. "इथं देवीच्या मूर्ती रंगवतायत. कारागीर म्हनतात सकाळपासनं रंग सुकंना. हवा ओली झाली, जनू."

जनूभाऊनं कपाळाला हात लावला. "आता रंग सुकन्यावर माजं भात!" पण तो जागचा हलला नाही. मोबाईलमधला लाल गोळा त्यानं पुन्हा पाहिला. गोळा अजून पश्चिमेकडेच तोंड करून होता. मग तो खालच्या खाचरांकडे बघत बसला. त्याच्या अडचणीची मला तेव्हा कल्पना नव्हती. हिरीबाईला होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "दादाचं हळवं कापून माळावर पडलंय. पाऊस आला तर त्ये जाईल, नाय आला तर गरवं जाईल. त्याला काय मागावं ते पन कळंना."

दोन वाजले. अडीच वाजले. फोन नाही. मी लावला तर लागेना. आभाळ रिकामं, झाडाचं पान हलत नव्हतं. पावणेतीनला जनूभाऊ उठला, दोन माणसांना खूण केली आणि तिघांनी चाकाला हात घातले.

तेव्हा फोन वाजला.

मी स्पीकर लावला. आवाज नाही. म्हणजे माणसाचा नाही. एक खडखडाट, पत्र्यावर कोणी सुपानं वाटाणे ओतावेत तसा, सलग, न थांबणारा. काकूनं फोन एस्टीच्या खिडकीबाहेर धरला होता. चाळीस माणसं, तीन आठवडे आभाळाकडे बघून माना दुखलेली, तळ्याच्या कोरड्या ठणठणीत बांधावर एका फोनभोवती वाकून पाऊस ऐकत होती. कोणी टोपी काढली. हिरीबाईनं दोन्ही हात कानांमागे धरले.

मग काकूचा आवाज. "ऐकलं का रं? कार्ल्याच्या खिंडीत भेटला!"

"अलिबागचा पाऊस आमच्या काय कामाचा, काकू?" जनूभाऊचा आवाज चिरकला. "तिथंच पडून जाईल!"

"येड्या, बस दर्याकडं तोंड करून चाललीय. पानी सगळं समोरच्या काचंवर येतंय, मागची काच कोरडी हाय! खारा झालाय वारा, जनू! तुज्याकडंच निघालाय. तुजं हळवं उचल!"

जनूभाऊनं चाक सोडलं.

त्याच्या डोक्यावर अजून ऊन होतं, मंडळी. हातातल्या मोबाईलमध्ये गोळा पाठमोरा होता. आणि त्या हिशेबी माणसानं चाक सोडलं आणि माळाकडे धावत सुटला. त्याच्यामागे एक धावला, मग दुसरा, मग सगळे. भर उन्हात चाळीस माणसं एकट्या जनूभाऊचं कापलेलं भात उचलत होती, भारे बांधत होती, डोक्यावरून त्याच्या पडवीत नेत होती. रस्त्यानं जाणाऱ्या जीपवाल्यानं विचारलं, "काय रं, कोनाच्या घरात आग लागली का?"

पाच वाजायला आले तेव्हा पश्चिमेकडचा डोंगर दिसेनासा झाला. आधी वास आला, मग थंड वारा तोंडावर, समुद्राकडून. शेवटचा भारा पडवीत पडला आणि माझ्या चष्म्यावर पहिला थेंब. पुढचे दोन दिवस-दोन रात्री तो थांबला नाही. खाचरांतल्या भेगा बुजल्या, पाट वाहिले, तळं उलट आणखी हातभर चढलं. जनूभाऊ पडवीत भाऱ्यांच्या मधोमध बसून हसत होता का रडत होता, मला सांगता यायचं नाही, दोन्हीला त्याचं तोंड सारखंच होतं.

मी काकूला फोन लावला. "काकू, आला!"

"बरं," ती म्हणाली. हळू. इतकी हळू की मी फोन कानाला दाबला. "ठेव आता. मी पारूच्या दारात हाय."

मागून पारूचा आवाज आला, तिच्याइतकाच कमावलेला. "कोनाचा फोन? सांग त्यांना, त्यांचं भात तरलं नि आमचं सुकट भिजलं!"

काकू चार दिवसांनी येते म्हणाली. चारचे आठ झाले, दसरा झाला. पारूचा नवरा मागेच वारला होता, घरात ती एकटीच होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. गिरणी आता काकूची सून चालवते. यंत्र उत्तम चालतं, पण दार कोणीतरी पुसून टाकलंय. काकू तेव्हापासून मुरूडलाच. समुद्रात काही उठलं की माझ्या दुकानात फोन येतो आणि तो मी अजूनही कानापासून हातभर लांब धरतो.

दसऱ्यानंतर गावानं हळव्याची दोन पोती पारूसाठी पाठवली. टेंपोबरोबर मी गेलो. समुद्राकडची गल्ली, नारळी, घरापुढे छोटं अंगण. ऊन कडक पडलं होतं. मी पोती उतरवून घेतली, चहा प्यालो. दोघी सतत भांडत होत्या. साखर कमी आहे यावरून, दूध जास्त आहे यावरून, मी जाड झालो की बारीक यावरून. मी निघालो तेव्हा त्यांना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. अंगणात सुकटीवर घातलेली मोठी ताडपत्री वाळली होती, ती आवरायची होती.

टेंपोवाला गाडी मागे घेत होता, मी मान वळवून बघत होतो. काकूनं ताडपत्रीची दोन टोकं धरली होती, पारूनं समोरची दोन. "तानून धर गं!" "तूच ढिली सोडलीस!" दोघींनी ती झटकली, दुमडली आणि चालत एकमेकींकडे आल्या. मध्ये टोकाला टोक मिळालं, हाताला हात लागला. काकूनं घडी पारूच्या हातात दिली, खाली वाकून नवी टोकं उचलली आणि मागे गेली. पुन्हा ताणली, पुन्हा चालत जवळ आल्या. दर घडीला मधलं अंतर निम्मं होत होतं.